चौकोनांतली मराठी

डावा डोळा तळहाताने झाकायचा, मान मागे न्यायची आणि स्क्रीनवरच्या अक्षराला विचारायचं, "काहून रे, श्वास घेता येते का तुले?" राजापेठेत आमच्या दुकानात लग्नपत्रिका करायला कधी आला असाल, तर तुम्हीही भाईंना असं बोलताना पाहिलं असेल. मूळचे अकोल्याचे. पत्रिकांची अक्षरजुळणी तेच करायचे. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो.

पुण्यात गेम बनवणाऱ्या दोन तरुणांनी त्यांना एक काम दिलं. जुन्या व्हिडिओ गेममध्ये असायची तशी, बारीक चौकोनांची अक्षरं हवी होती, पण मराठीत. भाई हरखून गेले. पत्रिकांतून जरा सवड मिळाली की तेच काम.

"इंग्रजीचं सोपं हाय," ते मला सांगत. "आपल्या अक्षराले वर मात्रा पायजे, खाली उकार पायजे. मधात अक्षर कुठी बसवू?"

'ष्ट्र'ने तर त्यांना रडवलं. काही केलं तरी काळा डाग दिसायचा. "महाराष्ट्र लिहिता नाही आलं, तर मराठी कायची?" एका दुपारी ते जमलं. भाईंनी सगळ्यांना चहा पाजला, पत्रिका न्यायला आलेल्या नवरीच्या बापालाही.

डोळा झाकणं ही लकब नव्हती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या डोळ्याने सगळं धुरकट दिसायचं, म्हणून ते झाकत. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

"भाई, ते काम थांबवा आता," मी म्हटलं.

"उजवा हाय ना अजून. तो हाय तोपर्यंत करून घेतो."

मग पुण्याहून फोन आला. गेम फक्त इंग्रजीत निघणार होता. मराठीत खेळणार कोण, असं त्यांचं म्हणणं. भाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला. मी जवळ गेलो तर म्हणाले, "त्याईनं नाही म्हटलं. मी कुठी म्हटलं?" आणि उरलेली अक्षरं करायला घेतली.

पुढे उजवा डोळाही गेला. भाई आणि भाभी अकोल्याला मुलीकडे राहायला गेले.

दिवाळीनंतर मी भेटायला गेलो. माझा आवाज ऐकताच भाईंनी लॅपटॉप मागवला. चाचपडत बटण दाबलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"पुरी केली सारी अक्षरं. वाचा."

लॅपटॉप सुरूच झाला नव्हता. भाभींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"वाचता येते ना?"

"येते, भाई."

"साफ?"

"एकदम साफ."

त्यांचा चेहरा उजळला. काळ्या स्क्रीनवर बोट सरकवत ते म्हणाले, "मंग आता खालची ओळ वाचा."