नवं हँडल डिकीतच आहे

"नवं हँडल कशाला बसवायचं आता? सूनबाई हाय की!"

आबा, म्हणजे माझे सासरे, फोनवर कुणाला तरी सांगत होते. मी चहा घेऊन दाराआड. लग्नाला तीनच महिने झालेत, पण आमच्या गाडीच्या डिकीचे एवढे किस्से साठलेत की आता डिकीतसुद्धा मावायचे नाहीत!

डिकीच्या दाराचं बाहेरचं हँडल तुटलंय. आतल्या बाजूनं दाराला बोटभर भोक आहे. त्यात स्क्रूड्रायव्हर घालून खटका सरकवला की डिकी उघडते. फक्त मागच्या सीटवरून पलीकडं चढून जायचं. आबांचे गुडघे, सासूबाईंची कंबर, नवऱ्याचं, म्हणजे संग्रामचं, पोट. उरलं कोण?

*

लग्नानंतर जोडीनं जोतिबाला गेलो. अंगावर शालू, हातभर चुडा, नारळ डिकीत. संग्रामनं गुपचूप स्क्रूड्रायव्हर हातात दिला. मी सीटवर चढले तशा सासूबाई कळवळून ओरडल्या, "अगं हळू, हळू!"

मला भरूनच आलं.

"शालू फाटंल!"

*

नवं हँडल कधीच आणलंय. सापडायला नको का, म्हणून डिकीत ठेवलंय! दर वेळी आत शिरले की मी ते गुडघ्यानं बाजूला सारते.

*

गॅरेजवाले रफिकभाई म्हणाले, "आबा, तासाभराचं काम हाय. गाडी सोडून जावा."

"गाडी सोडून? आन् आम्ही घरला कसं जायचं?"

घर गॅरेजच्या समोर आहे. रस्ता ओलांडला की झालं.

*

मग माझं माहेर, गारगोटी. आई ओवाळायला ताट घेऊन पुढच्या दारापाशी उभी, आणि मी मिठाईच्या खोक्यांसकट डिकीतून खाली!

आई म्हणाली, "पोरीला सामानात घालून आणलं व्हय?"

सगळे हसले. आई हसली नाही. ते मला अजून टोचतं. त्यातून पुढच्या रविवारी आई-पप्पा पहिल्यांदाच आमच्याकडं जेवायला यायचे होते. त्यांच्यादेखत पुन्हा डिकीतून उतरायचं नाही, एवढंच मी ठरवलं. आठवडाभर जिवाला चैन नाही. आबांना रोज चारदा हँडलची आठवण करून दिली. मनातल्या मनात!

*

रविवार. शेतावर चुलीवर शिजवलेलं मटण डिकीत ठेवून आम्ही घरी आलो, तर आई-पप्पा आमच्याआधीच दारात! समोर रफिकभाई गॅरेजच्या पायरीवर पेपर वाचत बसलेले.

"सूनबाई, उघड की! पावणं भुकेलं हाईत!" आबा म्हणाले.

मी चढले. पलीकडं उतरले. काचेतून आई दिसली, गारगोटीसारखीच न हसता बघत होती. स्क्रूड्रायव्हर भोकापर्यंत नेला आणि खाली ठेवला. पातेल्याशेजारी नीट मांडी घातली. बाजूची खिडकी उघडीच होती.

"आबा, नवं हँडल माझ्याजवळ आहे, स्क्रूड्रायव्हर माझ्याजवळ आहे, मटणाचं पातेलंही माझ्याजवळच आहे. रफिकभाईंना हाक मारा. मला काही घाई नाही!"