बारक्याची ताई

आमच्या हॉस्पिटलात तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र फार थोड्यांच्या. जिन्याखालच्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता. खोलीला खिडकी नव्हती. डोक्यावर घरघरणारा पंखा, समोर लुकलुकणारे दिवे आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीवर मी बसायचे, दुसरीवर ती. मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे. मी नवीन होते तेव्हा तिने मला सांगितलं होतं की घाबरलेला माणूस फोनवर आधी गप्प राहतो. आपण घाई करायची नाही. आपणही गप्प राहायचं, मग तो बोलतो.

तिला एक धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा ताई कॉलेजात होती आणि तो दुसरीत. वडील गोदामावर रात्री पहारा करायचे आणि दिवसा झोपायचे. घरात आवाज नको म्हणून ती पोराला बाहेर न्यायची, आणि एकट्याला सोडवत नाही म्हणून स्वतःही थांबायची. गोदामामागच्या मोकळ्या जागेत तो चेंडू टाकायचा, समोर यष्ट्यांच्या जागी एक पत्र्याचा डबा, आणि डब्यामागे ही, ओढणी कमरेला खोचून. एकदा चेंडू बोटावर बसला आणि डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झाली. कुणी विचारलं तर म्हणायची, "बायकांच्या बोटात अंगठी असते, माझ्या बोटात भाऊ आहे."

घरात त्याला बारक्या म्हणायचे. पुढे तो ताडमाड वाढला, दारातून मान वाकवून आत यायला लागला, तरी नाव तेच राहिलं. तो वेगवान गोलंदाज म्हणून गाजायला लागला आणि वर्तमानपत्रांनी त्याला तुफान म्हणायला सुरुवात केली तेव्हा ताईच्या नवऱ्याला चेव आला. हे दाजी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. बोलणं कमी, पण खवचट. बारक्या जेवायला आला की म्हणायचे, "तुफान येतंय, ताटं धरून बसा."

कसोटी संघाच्या उंबरठ्यावर असतानाच त्याच्या कमरेने दगा दिला. जोरात गोलंदाजी करणाऱ्यांना होतं तसं मणक्याच्या हाडाला बारीक चीर पडली. आमच्याच हॉस्पिटलच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिले आणि चेंडूला हात लावायचा नाही असं बजावलं. वडील तोवर गेले होते. बारक्या ताईच्या दोन खोल्यांत येऊन पडला. पलंग त्याला पुरेना, म्हणून पायथ्याशी स्टूल लावून वर उशी ठेवली. दाजींनी आपलं अंथरूण मुकाट्याने स्वयंपाकघरात नेलं. ताई कामावर निघताना त्याच्या हाताशी पाणी, पेपर, रेडिओ ठेवायची आणि दुपारी फोन करून आधी चौकशी करायची आणि मग रागवायची. हळूहळू तो चालायला लागला, मग पोहायला, मग धावायला. शेवटी डॉक्टरांनी मान हलवली आणि तो पुन्हा नेटमध्ये गेला.

मालिकेसाठी संघ जाहीर झाला तेव्हा त्यात त्याचं नाव होतं, पण अट घालून. पहिल्या कसोटीच्या आधी फिटनेस टेस्ट होणार, त्यात उतरला तर संघात. त्या दिवशी आमच्या खोलीत येऊन लोकांनी ताईचे हात हातात घेतले. पेढे नव्हते, कुणीतरी कॅन्टीनमधून चहा आणला, आणि ताईने चहा घेता घेता फोन उचलून एका म्हातारीला औषधाच्या खिडकीची वेळ समजावून सांगितली.

फिटनेस टेस्टच्या आदल्या दिवशी सकाळी ती आली ती थेट बोर्डावर बसली. बऱ्याच वेळाने तिने मला सांगितलं. बारक्या बूट घालत होता. खाली वाकून नाड्या बांधायच्या सोडून त्याने पाय स्टुलावर ठेवला आणि पाठ ताठ धरून कशाबशा गाठी मारल्या. आजारात तो असंच करायचा. मधले कित्येक महिने करत नव्हता.

मी म्हटलं, विचारलं नाहीस का. ती म्हणाली, विचारलं तर खोटं बोलेल, आणि मग ते खोटं त्याला निभवावं लागेल.

त्याच दुपारी संघाच्या फिजिओचा फोन आला. हाडांच्या डॉक्टरांशी बोलायचं होतं. ताईचा आवाज ते ओळखत होते. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, तेवढ्या वेळात फिजिओंनी ताईला सहज विचारलं, घरी कसा आहे तो, काही कुरकुर करतो का.

मी शेजारीच होते. ताई काही बोलेना. बोर्डावरचे दिवे लागत होते, मी एका हाताने तिचेही फोन घेत होते. तिने "बरा आहे" म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. "दुखतंय" म्हटलं असतं तरी संपली असती. भावाचं स्वप्न आणि भावाचं हाड, दोन्ही तिच्या जिभेवर होती. शेवटी ती म्हणाली, "ते त्याला विचारा साहेब. तो सांगेल तुम्हाला."

मग तिने हेडफोन काढून ठेवला, उरलेल्या दिवसाची रजा टाकली आणि थेट सरावाच्या मैदानावर गेली.

पुढचं तिनेच मला सांगितलं. तो सीमारेषेबाहेरच्या बाकावर एकटा बसला होता. ती शेजारी जाऊन बसली. तिला पाहताच ती का आली ते त्याने ओळखलं.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

तो उसळला. एवढी वर्षं याच्यासाठी घालवली, एक गोळी घेतली की उद्याचा दिवस निघेल, पुढचं पुढे बघू, असं काय काय बोलला. शेवटी म्हणाला, "तू काही माझी आई नाहीस."

हे सांगताना ताई वाकडी करंगळी चोळत होती. मग म्हणाली, की खरंच होतं ते, त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं. पण वाटलं होतं, ते दिसत होतं.

तिने त्याला उत्तर दिलं, "नाही. आई असती तर तुला हात धरून घरी नेलं असतं. मी नाही नेणार. मी कुणाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. फिजिओ विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव. संघात गेलास तर टाळ्या वाजवीन. नाही गेलास तर दोन खोल्या आहेतच. पण उद्या तुझी पोरं होतील, त्यांना उचलून घ्यायला कंबर लागते रे."

ती बसने घरी आली.

दुसऱ्या दिवशी तो धावला, वळला, उड्या मारल्या. सगळ्यात पास झाला. मग त्याला गोलंदाजी करायला सांगितलं. पहिली ओव्हर चांगली पडली. निवड समितीचे दोघे लांब उभे राहून एकमेकांशी हसून बोलत होते. दुसऱ्या ओव्हरनंतर फिजिओ जवळ गेले आणि त्यांनी विचारलं. बारक्याने चेंडू त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "दुखतंय." पुन्हा फोटो काढले. जुनी चीर परत उघडू पाहत होती. संध्याकाळी त्याच्या जागी दुसऱ्या एका पोराचं नाव जाहीर झालं.

तो घरी आला आणि ताईशी बोलणंच सोडलं. स्वतःच खरं सांगून आला होता, पण राग कुणावर तरी काढायला हवा, आणि आपलं माणूस त्यासाठीच असतं. जेवताना समोर ताई बसलेली असली तरी तो दाजींना म्हणायचा, "ताईला सांगा, मीठ कमी आहे." दाजी वळून सांगायचे, "मीठ कमी आहे म्हणे." ताई म्हणायची, "त्यांना म्हणावं, डबा तिथेच आहे." असं आठवडाभर चाललं.

पहिली कसोटी सुरू झाली तेव्हा त्याने टीव्ही लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच लावला. त्याच्या जागी आलेला पोरगा चाचपडत होता, चेंडू पायांवर टाकून मार खात होता. दाजींना वाटलं, याला बरं वाटेल. पण बारक्या पडल्या पडल्या पुटपुटायला लागला, अरे मनगट मोकळं सोड, एवढा का घाबरतोस. ताई कामावरून आली आणि चपला काढून दारातच उभी राहिली. त्या पोराला पहिला बळी मिळाला तेव्हा बारक्याने पलंगावर हात आपटला. मग तिच्याकडे न बघता तो पाय आखडून सरकला आणि पलंगाच्या कडेला तिच्यापुरती जागा केली. ती बसली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाकावर बोललो ते... तसं नव्हतं गं."

ताई म्हणाली, "माहीत आहे. चहा टाकू?"

पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं. त्यात वर्ष गेलं. मधे एकदा त्याने सगळं सोडून द्यायचंही ठरवलं. दाजींनी त्याला दुकानात नेऊन काचा घासायला बसवलं आणि संध्याकाळपर्यंत एवढ्या काचा फुटल्या की मालकानेच त्याला क्रिकेट खेळायची विनंती केली. पुढच्या मोसमात त्याची निवड झाली, आणि या वेळी कुठलीही अट नव्हती.

सामना आमच्याच शहरात होता. दाजी गेले. ताईला तिकीट असून जाववलं नाही. ती दिवसभर घरात चादरी धूत बसली, टीव्हीही लावला नाही. बारक्याला त्या दिवशी एकही बळी मिळाला नाही, उलट धावा पुष्कळ गेल्या. संध्याकाळी त्याचा फोन आला. तो आधी काही बोलेना. तीही काही बोलली नाही.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "काहीच नाही मिळालं बघ आज. पण दुखत नाहीये. अजिबात दुखत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ड्युटीवर आली. केस नीट विंचरलेले, डोळे सुजलेले. दुपारी वॉर्डातल्या एका पेशंटच्या मुलाचा फोन आला; वडिलांची चौकशी करता करता त्याने सांगितलं, की नव्या गोलंदाजाने लागोपाठ दोन गडी काढलेत. ताईने त्याला विचारलं, कसे काढले, आणि वडिलांचा वॉर्ड जोडून द्यायच्या आधी सगळं सविस्तर ऐकून घेतलं.