विष कुणी प्यायचं

झेंडूच्या वासात मशीनचं तेल मिसळलं की माझं डोकं फिरतं. आज खंडेनवमी. युनियनचं पत्रक द्यायला, माझे वडील अप्पा जिथं कामाला होते त्या जुन्या यंत्रमाग कारखान्यात शिरले, आणि तोच वास आला.

लहानपणी याच दिवशी पूजेला आम्ही सगळे तिथं गेलो होतो. माग बंद होते, त्यांना हार घातले होते, तरी सुताची धूळ हवेत तरंगत होती. नारळ फुटल्यावर अप्पा उठले. खोकत म्हणाले, "मालक, धूळ ओढणारा पंखा बसवा की. लई तरास व्हतोय."

मालक हसले. "मल्लप्पा, तू शंकराचा भक्त ना? देवानं विष गळ्यात धरलं, तक्रार केली का? सोसतो तोच मोठा होतो."

"बस की आता, नीलकंठा," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. अप्पा बसले, ते पुन्हा कधी काही मागायला उठले नाहीत.

असल्याला संस्कार म्हणतात. विष निघालं त्याच समुद्रमंथनातून अमृतही निघालं होतं. ते कुणी प्यायलं, हे मालकांनी सांगितलं नाही.

अप्पा खोकतच गेले. पंखा अजून नाही. भिंतीवर शंकराची मोठी तसबीर मात्र लावलीय, आणि तिच्यावरही धूळ बसलीय.