भिंतीबाहेरचा डबा

संत्रं सोललं की मले नागपूरचं ते पाळण्यांचं पार्क आठवते. पैसे वाचावे म्हणून पांढुर्ण्याहून पहिल्या गाडीनं, घरच्या पुऱ्या अन् संत्री घेऊन, आम्ही नवराबायको नातवंडांले तिथं नेलं. फाटकावरचा माणूस म्हणे, "बाहेरचं खाणं आत चालत नाही." बायको म्हणाली, "मी बसते बाहेर डबा घेऊन. माझं तिकीटही वाचते." मी नको म्हटलं नाही. दिवसभर ती भिंतीबाहेर उन्हात बसली. निघताना म्हणे, "मोठा पाळणा बाहेरून दिसे. वर आले त्या सगळ्यायले हात हलवला, त्यात तुमी असालच. दिसली का मी?" मी म्हटलं, "दिसली ना." मी तर भीतीनं डोळे मिटून बसलो होतो. आता साल हातात धरून बसून राहिलो, अन् खरं सांगाले ती नाही.