सातशेच्या वरचे वेढे

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम म्हणजे ट्रान्सफॉर्मर भरणं, आणि तेही मी नासवलं. दुपारची वेळ होती. माझी बायको सुमन शिलाईच्या हातमशीनपुढं बसून तारेचे वेढे घालत होती, मी स्वयंपाकघरात कालवणात टाकायला मीठ शोधत होतो. सापडेना म्हणून ओरडलो, "अगं, मिठाचा डबा कुठंय?" मशीन थांबलं.

"घालवलं ना माझं मोजणं! सातशे... सातशे किती हुते मी?" ती वैतागली आणि तार उलटी सोडवायला हात घातला तिनं. मोजणं तुटलं की सगळं उकलून पहिल्यापासून घालायचं, हा तिचा नेम. मलाही उन्हानं वैताग आला होता. मी बोलून गेलो, "राहू दे, टाक अंदाजे. चोवीसशेत पन्नास इकडं-तिकडं झाले तर काय फरक पडतो?"

तिनं मान वर केली. "फरक पडत न्हाई?"

मी फळीकडं वळलो.

"मंग तो पयला कसा जळला?"

मी मिठाचा डबा शोधत राहिलो... डबा समोरच होता.

माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, भिंगारला. शिक्षण चौथी. रेडिओ संपले तसं दुकानही संपलं. मग आमच्या चर्चमध्ये गिटार वाजवणारे एक मास्तर व्हॉल्व्हचा जुना अॅम्प्लिफायर घेऊन घरी आले. व्हॉल्व्ह म्हणजे ते काचेचे दिवे, पेटले की लालसर दिसणारे. मास्तर म्हणाले, याच्यासारखा आवाज नव्या डब्यातून येत नाही. मी तो दुरुस्त केला, मग दुसरा एक हवा तसा बदलून दिला, मग घरीच नवे बांधायला लागलो. व्हॉल्व्ह भंगारातून मिळवायचे, पेटी सुताराकडून, पत्र्याला भोकं मी पाडायचो. अडायचं ते ट्रान्सफॉर्मरपाशी. स्पीकरकडं आवाज जातो तो त्याच्यातूनच, आणि विकतचा एकही मनासारखा मिळत नव्हता. माझा हात थरथरतो. केसासारखी तार दर वेळी तुटायची, मी शिव्या द्यायचो.

एक दिवस सुमन म्हणाली, "सरका तिकडं." आयुष्यभर तिनं ब्लाउज शिवलेले. हातमशीनच्या चाकाला दांडी बसवून घेतली, दांडीवर रिकामं रीळ अडकवलं आणि डाव्या हाताच्या चिमटीतून तार सोडत चाक फिरवायला लागली. शंभर वेढे झाले की वाटीत एक चिंचोका. तार एकदाही तुटली नाही.

तिचा पहिला ट्रान्सफॉर्मर मी घाईघाईनं अॅम्प्लिफायरला बसवला, बटण दाबलं, गिटारीची तार छेडली. आतून चर्र आवाज आला, धूर निघाला. मी खाली बघितलं तर स्पीकरची वायर जोडलेलीच नव्हती. स्पीकर नसताना असा अॅम्प्लिफायर वाजवला की ट्रान्सफॉर्मर जळतो, हे मला पोरवयापासून ठाऊक. तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "मोजण्यात चूक केलीस तू." वायर पायानं मागं सरकवली.

एवढंच. उद्या सांगू, असं मनाशी म्हणालो आणि सोळा वर्षं सांगितलं नाही.

त्या दिवसापासून तिचं मोजणं सुरू झालं की घरात कुणी बोलायचं नाही. फोन वाजला तर वाजू दे. शेजारीण दारात आली तर ही नुसता हात वर करायची. मोजणं चुकलं तर सगळी तार उकलायची, बोटांना चिरा पडायच्या, मग त्यावर खोबरेल. मास्तरांनी एकदा मोजायचं यंत्र आणून दिलं. "यंत्राला काय, जळलं तर बोलनी मलाच बसतील," म्हणून तिनं ते परत केलं. मी शेजारीच बसलो होतो. हसलोसुद्धा.

अॅम्प्लिफायरची गंमत तिला कधी कळली नाही. मास्तर आवाज वाढवून गिटार वाजवायचे, आवाज फाटायचा, आणि ते खूश. ती म्हणायची, "रेडिओचा आवाज फाटला की गिऱ्हाईक भांडायला यायचं. अन हे मास्तर फाटावा म्हनून मागं लागत्यात! आमच्या ह्यांचा गळा ऐका की मंग, फुकट हाय." मास्तर पोट धरून हसायचे. पण पेटी बंद करायच्या आधी ती ट्रान्सफॉर्मरवर एकदा हात फिरवायची आणि मला विचारायची, "ह्या टायमाला बरोबर हाय ना?"

त्या शेवटच्या दुपारी तिनं पुन्हा काही विचारलं नाही. तार न उकलताच उठली. "मंग तुमीच घाला," एवढं म्हणाली आणि आत जाऊन पडली. मी जेवलो. राग गेला की बोलेल म्हणून मुद्दाम आत गेलो नाही. चहा घेऊन गेलो तेव्हा ती घामानं भिजलेली होती. रिक्षा आणेपर्यंत बोलत होती, पण दार ओढून घ्या, गॅस बघा, असलंच. मला तेव्हा सांगता आलं असतं. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं होतं तिचं. दवाखान्यापर्यंत पोचलो नाही.

याला पाच आठवडे झाले. लोक म्हणतात, सोन्यासारखा संसार केलात. माझ्या डोक्याची शीर उठते. सुमन, तो मी जाळला. वायर जोडायला विसरलो होतो. तुझं मोजणं बरोबर होतं, पहिल्या दिवसापासून.

त्याच दिवशी संध्याकाळी तिला माती दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी मशीनपुढं जाऊन बसलो. वाटीत सात चिंचोके. सातशेच्या वरचे किती, ते तिच्याबरोबर गेले. तिचे वेढे उकलायला माझा हात होईना. त्यांच्यावर कागदाची पट्टी गुंडाळली आणि सातशे एकपासून मोठ्यानं मोजत चाक फिरवायला लागलो.  सातशे पन्नासच्या आसपास तिचा भाऊ दारात आला.

"दाजी, चार घास खाऊन घ्या."

मी हात वर केला, पण आकडा गेला होता. पन्नास-बावन्न... काय होतं?

तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की आता, अंदाजानं घाला."

मी सगळी तार उकलली, खालचा कागद दिसेपर्यंत. आणि पुन्हा म्हणालो, सातशे एक.