रेघेखालचं वाचता आलं पाहिजे

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. माझे वडील चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लेथ चालवायचे आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आम्ही भावंडं त्यांच्या घड्या घालायचो, आणि घड्या घालता घालता अक्षरं जुळायची. 'धबधबा' लिहिता येण्याआधी मला 'धिक्कार' लिहिता येत होतं. त्या पत्रकांत त्यांच्या कारखान्याचे एक 'नेव्हीवाले साहेब' सारखे यायचे, बहुतेक वेळा मथळ्यातच.

दोन वर्षांपूर्वी त्याच साहेबांचं चरित्र लिहायचं काम माझ्याकडं आलं. क्रांती चौकाजवळच्या एका छापखान्याला मी मजकूर लिहून देते. साहेबांचा मुलगा तिथं आला होता. वडिलांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला त्याला पुस्तक वाटायचं होतं. घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "लिही की. पण त्या हाताचं लिहिलं नाय, तर ते पुस्तक माझ्यासमोर आणू नको."

त्या हाताचं आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. पत्र्याला आकार देणारी पॉवर प्रेस, दुसरी पाळी, आणि एका कामगाराच्या उजव्या हाताची चार बोटं. चौकशीत कामगाराचाच निष्काळजीपणा ठरला. तो पुढं गावी निघून गेला. वडिलांनी पत्रक काढलं होतं: केबिनमध्ये बसणाऱ्या साहेबाला मशीनमधलं काही कळत नाही, त्याचं अज्ञान कामगारानं आपल्या बोटांनी का भरून द्यायचं?

छावणीजवळ साहेबांचं घर होतं. 'साहेब' म्हणायचं नाही असं मी ठरवून गेले होते, म्हणून 'सर' म्हणाले.

"सर नको," ते म्हणाले. "मी कोणाला काही शिकवलेलं नाही. आजोबा म्हण, त्याला पात्रता लागत नाही."

सिल्लोडकडच्या एका गावातून सोळाव्या वर्षी ते नौदलात गेले. तोवर त्यांनी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे गावचं तळं. पुढची वीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली, आणि तिथून समुद्र दिसतच नाही. समुद्र बघायचा तो सुट्टीत, इतर पर्यटकांसारखा, असं ते सांगायचे. लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडतंय ते ऐकायचं, ही तिथली विद्या. ती घेऊनच ते इथल्या कारखान्यात मेंटेनन्सला लागले, आणि कारखान्याचे प्रमुख झाले, मग संचालक. एकदा माझ्यासमोर त्यांनी घरच्या फ्रिजला स्क्रूड्रायव्हर लावला आणि दिवाळी काढेल म्हणून सांगितलं. फ्रिज दिवाळीआधी चार दिवस बंद पडला. ते आठवडाभर खजील होते.

त्यांची आणखी एक सवय जहाजावरची होती. नोंदवहीत चूक झाली तर खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही. कारखान्यात प्रत्येक मशीनला त्यांनी तशी वही लावली होती. सही नसेल तर रेघ कोणीही मारलेली असू शकते, असं ते म्हणायचे.

तिसऱ्या महिन्यात मी हाताचा विषय काढला. मी कोणाची मुलगी, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वाद घालायच्या तयारीनंच गेले होते. ते उठले, कपाटातून प्लास्टिकची फाइल आणली आणि तिच्यातून माझ्या वडिलांचं पत्रक काढलं. घडीवर पिवळं पडलेलं. ती घडी कदाचित मीच घातली असेल.

"तुझ्या वडिलांनी यात एक चूक केली," ते म्हणाले. "मला कळत नव्हतं असं लिहिलंय. मला कळत होतं."

आदल्या दिवशी त्यांनी स्वतः कान लावून ती प्रेस ऐकली होती. क्लच नीट सुटत नव्हता. एकदा पेडल दाबलं की प्रेस कधीतरी दोनदा खाली यायची. वहीत त्यांनी लिहिलं, 'बंद ठेवा.' सकाळी मुख्यालयातून फोन आला, माल त्याच दिवशी जायला हवा होता. त्यांनी त्या दोन शब्दांवर रेघ मारली, पुढं 'चालू करा' लिहिलं, शेजारी सही केली. त्याच दिवशी दुसऱ्या पाळीत अपघात झाला. चौकशीच्या टेबलावर कोरी वही होती. जुनी कुठं गेली, हे त्यांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांत कधीच विचारलं नाही.

"ती वही गेली," ते म्हणाले. "निदान पुस्तकात ती रेघ असू दे. तू लिहून आण. मी सही करतो."

ते पान मी एका बैठकीत लिहिलं आणि मग आठ दिवस त्याला धार लावत बसले. नफेखोर, रक्तपिपासू, मुर्दाड व्यवस्था. लहानपणापासून हातात मुरलेले शब्द आपोआप येत गेले. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पेन खिशातून काढून मांडीवर ठेवलेलं होतं.

"यात मी कुठं आहे?" त्यांनी विचारलं. "सगळं व्यवस्थेनं केलं. सही तर माझी होती. विशेषणं काढ आणि शुक्रवारी आण."

मी तासभर भांडले. एका माणसानं सगळं अंगावर घेतलं की बाकीचे सुटतात, हे माझं म्हणणं होतं. ते मला आजही पटतं. पण पान त्यांचं होतं, माझं नव्हतं, हे मला त्या दिवशी दिसलं नाही. सहीविना ते मी परत आणलं. शुक्रवारी गेले नाही, कारण 'मुर्दाड' काढायला अजून मन होत नव्हतं. रविवारी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं.

त्यांचा मुलगा वाईट माणूस नव्हता. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यानं माझं पान शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाला, "यावर बाबांची सही नाही. भाषा तुमच्या घरची आहे. त्यांना बोलता येत असतं तर मी विचारलं असतं."

मी आवाज चढवला. पत्रक काढीन म्हणाले.

"काढा," तो म्हणाला. "खाली सही कोणाची घालणार?"

मी पानाची घडी घालून ते पिशवीत टाकलं. उरलेलं पुस्तक छापखान्यानं दुसऱ्याकडून पूर्ण करून घेतलं. वाढदिवसाला ते वाटलं गेलं. कारखान्याच्या प्रकरणात एक वाक्य होतं: 'त्यांच्या कार्यकाळात सुरक्षिततेशी कधीही तडजोड झाली नाही.'

पुढच्या आठवड्यात मी आजोबांना भेटायला गेले. सूनबाईंनी दार उघडलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. ते खिडकीशी खुर्चीत होते. पुस्तक टीपॉयवर पडलेलं होतं. मी त्यातलं कारखान्याचं प्रकरण उघडलं आणि ते वाक्य सावकाश वाचलं. त्यांनी डावा हात पुढं केला. मी बोटांत पेन दिलं आणि पुस्तक मांडीवर धरलं. रेघ ओढायला त्यांना फार वेळ लागला. पेन घसरायचं, ते परत तिथंच आणायचे. वाक्याच्या शेवटापर्यंत पोचल्यावर त्यांनी समासात टोक टेकवलं आणि जोर लावला. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. त्यांचा हात धरून सही करवून घेण्याचा मोह मला झाला. पण मग ती कोणाची सही झाली असती?

सूनबाई चहा घेऊन आल्या. "रेघोट्या मारतात हल्ली," त्या म्हणाल्या आणि पदरानं त्यांच्या बोटांची शाई पुसली. "ही प्रत खराब झाली गं. तुला दुसरी देते." मी हीच हवी म्हणाले. त्यांना ते विचित्र वाटलं असावं, पण दिली. आजोबा माझ्याकडं बघत होते. पेन अजून त्यांच्या मुठीत होतं. ते सोडवायला आम्हा दोघींना हात लावावा लागला.

घरी येऊन मी वडिलांना आधी सगळं सांगितलं, त्यांच्या पत्रकातल्या चुकीसकट. मग पुस्तकातलं ते पान समोर धरलं. त्यांनी चष्मा लावून पुस्तक उजेडाकडं नेलं.

"खालचं वाचता येतंय," ते म्हणाले. मग समासातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "सही नाय पण."