देवीने न दिलेला कौल

त्या वर्षी मी देवावर रुसले होते. असं लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच होतं. यजमान कॅन्सरने गेले, पाठोपाठ माझी शाळेतली नोकरी संपली आणि रिकामं घर खायला उठतं म्हणून मी सांगलीतल्या एका दवाखान्यात कॅन्सरच्याच पेशंटांना मदत करायला जाऊ लागले. सुरुवातीला वाटलं, आपल्या हातून सेवा घडते आहे. पण नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं होईतो मी पुरती थकले होते. रोज कुणीतरी हात धरून विचारायचं, "बाई, बरं वाटंल न्हवं?" आणि मी "वाटेल" म्हणायची. संध्याकाळी देवापुढे बसले की माळ हातात आणि मन वॉर्डात. नामस्मरण हेही एक उरकायचं कामच होऊन बसलं होतं.

त्या सुमारास दवाखान्यात एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. तयार होतील त्या पेशंटांपैकी काहींना नेहमीचं औषध, काहींना नवं. कुणाला कोणतं, हे डॉक्टर स्वतः निवडणार नव्हते. चिठ्ठी काढल्यासारखं ते ठरणार होतं. यात पडायचं की नाही हे मात्र पेशंटने समजून उमजून सांगायचं. डॉक्टर तरुण होते, मनाने फार चांगले, पण त्यांचं शहरी बोलणं पलूस-कोरेगावकडच्या बायकांच्या डोक्यावरून जायचं. मुसलमान आणि लमाण बायका तर मुकाट मान डोलवायच्या आणि मागे उभा असलेला नवरा नाहीतर भाऊ "हो" म्हणून मोकळा व्हायचा. "हे बरोबर नाही, बाई," डॉक्टर मला म्हणाले. "त्यांना कळेल असं तुम्ही सांगा."

मला कौल सुचला. आमच्या भागात अडलंनडलं की गावदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक फूल चिकटवतो. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. "ही चिठ्ठी म्हणजे कौलच समजा," असं मी सांगायला लागले आणि बायकांचे चेहरे खुलले. "व्हय व्हय, आता कळलं!" मी स्वतःवर बेहद्द खूश. इतकी वर्षं फळ्यापुढे घालवली ती काही वाया गेली नाहीत म्हणायची! त्यांना नेमकं काय कळलं, हे विचारायचं काही मला सुचलं नाही.

मग हाजराचाची आली. ही पलूसची मणेर, घरोघर जाऊन बायकांना बांगड्या भरणारी. अख्खा गाव तिला चाचीच म्हणायचा. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, आता सलाईनमधून औषध द्यायचं होतं. मी माझा कौल तिलाही सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि उठली. "आमच्यात कौल लावून कायबी ठरवत न्हाईत, बाई. आमाला त्ये पाप हाय. डॉक्टरसायबांना माजा सलाम सांगा." डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, तिची मर्जी. नेहमीचं औषध सुरू करायची तारीख मी तिच्या मुलाला सांगितली. त्या दिवशी ती आली नाही. पुढच्या आठवड्यातही आली नाही. तेव्हा कुठे तिचे शब्द आठवून माझी ट्यूब पेटली. तिने नुसती चाचणी नाकारली नव्हती, औषधच नाकारलं होतं. या दवाखान्यात जे काही देतात ते कौल लावूनच देतात, असा तिचा समज झाला होता. आणि तो समज माझ्या हुशारीने करून दिला होता.

मी पलूसला गेले. तिच्या घराला कुलूप. एक जण म्हणाला, चाची कुपवाडला मुलाकडे गेली असेल, तो तिथे कारखान्यात आहे. दुसरा म्हणाला, छे, तिला मघाशीच बाजारात पाहिली. ऊन डोक्यावर आलेलं, माझे गुडघे बोलायला लागलेले. माझं माहेरचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. दुसरं काही सुचेना म्हणून तिथल्या देवीच्या देवळात जाऊन टेकले आणि गुरवाला म्हटलं, कौल लाव, चाची औषध घेईल का ते विचार. फुलं लावली. बराच वेळ गेला, पण एकही हलेना. शेवटी गुरवच म्हणाला, "आवं ताई, आज देवी काय बोलत न्हाई. उद्या या."

मला आधी रागच आला. आयुष्यभर तुझ्या पायाशी नाक घासलं आणि आज एवढंसुद्धा सांगवत नाही का तुला? मग राग ओसरला आणि रडूच फुटलं. यजमान गेले तेव्हाही अशी रडले नव्हते. म्हटलं, "आई, मी दमले गं. माझ्या शहाणपणाने जे व्हायचं ते झालं. आता तूच बघ." एवढं बोलल्यावर मागायचं असं काही उरलं नाही. मी नुसती बसून राहिले.

तेवढ्यात एक बाई ओटी भरायला आली. माझ्या ओळखीची नव्हती. दोन्ही हातांत नवाकोरा हिरवा चुडा, बांगड्या भरून हात लाल झालेले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, कुठे भरल्या? "चाचीकडं की," ती म्हणाली. "लेकीकडं आलीया न्हवं ती, खालच्या आळीला. बरं नसतंय तिला, पर देवीच्या ओटीच्या बांगड्या आमी दुसऱ्या कुणाकडनं घेत न्हाई." मी उठताना अडखळले तशी तिने माझा हात धरला, चाचीच्या लेकीच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि आल्या पावली परत गेली. तिचं नावही मी विचारलं नाही.

चाची मला बघून चकित झाली. मी बसायच्या आधीच म्हटलं, "चाची, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्यात देवाचा काही संबंध नाही. दोन्हींतलं कोणतं औषध सरस, हे अजून डॉक्टरांनाच ठाऊक नाही. ते शोधायलाच चिठ्ठी. नव्याचा त्रास जास्तही होऊ शकतो. तुम्ही नको म्हणालात तरी नेहमीचं औषध मिळतं, मधूनच सोडलंत तरी मिळतं." आणि या वेळी विचारलं, "आता तुम्ही सांगा, काय कळलं?"

ती म्हणाली, "नवा माल आला की मीबी बायका निवडून देत न्हाई. हळू हाताच्या बाईला दिला तर त्यो टिकणारच की. मंग माल चांगला का हात चांगला, कसं कळायचं?" "अगदी तसंच," मी म्हटलं. तिने पुढे विचारलं, "आन न्हाई म्हणलं तर सायेब रागवायचे न्हाईत?" नाही रागवायचे, मी म्हटलं. "ह्ये आदी सांगायचं हुतं, बाई."

दोन दिवसांनी ती दवाखान्यात आली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. खरं सांगते, तिने हो म्हणावं असं मला मनातून फार वाटत होतं. यजमानांच्या वेळी नवं असं काही नव्हतंच. ओठांवर आलेले शब्द मी गिळले. मुलगा तोंड उघडत होता, त्याला तिने हातानेच थांबवलं. "नवं नको, सायेब. जुन्यानं काय हुतंय त्ये समद्यांना ठावं हाय. त्ये मला झेपंल." त्याच दिवशी औषध सुरू झालं.

कुणी याला योगायोग म्हणेल, माझा वाद नाही. एवढंच कळतं, की त्या दुपारी फूल पडलं असतं तर तो होकार नाहीतर नकार पदरात घेऊन मी सांगलीची एस.टी. धरली असती. देवी बोलली नाही, हे तिचे माझ्यावर फार मोठे उपकार आहेत. तेव्हापासून मी माणसांपुढे बसते तेव्हा सांगते कमी आणि विचारते जास्त. थकवा आहेच, पण रुसवा गेला.

चाची त्यानंतर काही वर्षं होती. मग दुखणं उलटलं. नव्या औषधाने ती आणखी जगली असती का, हे मला माहीत नाही. शेवटच्या दिवसांत उशाशी बसले असताना न राहवून मी हे तिच्यापुढे बोलले. तिने माझा हात थोपटला.

"त्ये अल्लाला ठावं, बाई. मला इचारलं हुतं न्हवं तुमी? बास झालं की."